अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा खर्च: वही कशी मांडायची?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरच्या अशोकनगरात राहतो, अंबडच्या एका कंपनीत नोकरी. अण्णांना (वडील, वय ७४) गेल्या वर्षी श्रावणात पहाटे अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. आपण बोललो की डोळ्यांत दिसतं, पण तोंडातून शब्द येत नाही. आई २०१९ मध्येच गेली.

दवाखान्यात २२ दिवस होते. बिल ३ लाख ४० हजार, त्यातले ३ लाख माझ्या कंपनीच्या मेडिक्लेमने दिले. वरचे ४० हजार एफडी मोडून भरले आणि मनात म्हटलं, चला, निभावलं. खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो हे तेव्हा कळलं नाही. त्या खर्चाला मेडिक्लेम नाही आणि डिस्चार्जची तारीखही नाही.

मुलीची उरलेली दोनशे पानी वही घेऊन पहिल्या दिवसापासून लिहितोय. मागच्या महिन्याचं पान जसंच्या तसं देतो:

रात्रीचे मामा (पेशंटजवळ थांबायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून, १२ तास, ६५० रुपये रोज) १९,५००. फिजिओ दिवसाआड, ४०० प्रमाणे ६,०००. औषधं ४,२००. डायपर ३,६००. प्रोटीन पावडर २,४००. पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करायला सिस्टर येतात त्यांचे ८००. अंडरपॅड, हातमोजे, कापूस, एअर बेडच्या पंपामुळे वाढलेलं वीजबिल वगैरे १,५००. एकूण ३८,०००.

अण्णांची ईपीएसची (पीएफ खात्याची) पेन्शन २,३००. धाकटा भाऊ पुण्याला आयटीत आहे, तो १०,००० पाठवतो. उरलेले २५,७०० माझ्या ४६,००० पगारातून. बहीण पिंपळगाव बसवंतला दिलीय, त्यांची द्राक्षबाग. ती येते तेव्हा पैसे ठेवून जाते, पण ते ठरलेले नसतात आणि मी मागतही नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यातलं काय कमी करता येईल? सरकारी काही मिळतं का? आणि भावंडांत हा खर्च वाटायचा कसा? तिसऱ्यावरून दिवाळीत भावाशी शब्दाला शब्द वाढला. तो म्हणाला, "दर महिन्याला पाठवतोय ना, अजून काय करू?" मला उत्तर देता आलं नाही. घरात आधीच इतकं चालू असताना सख्ख्या भावाशी अबोला परवडत नाही.

---

मखमलाबादकर

दादा, आमच्या आईला आम्ही साडेतीन वर्षं घरी सांभाळलं, त्यामुळे तुमचं पान वाचताना आमचीच वही उघडल्यासारखं झालं.

काय कमी होईल ते सांगतो. औषधांची चिठ्ठी न्यूरोच्या डॉक्टरांसमोर ठेवून विचारा की यातली कोणती जेनेरिक चालतील आणि कोणती अजिबात बदलायची नाहीत. फिटची गोळी चालू असेल तर ती मनाने बदलू नका. बाकी बीपी, कोलेस्टेरॉल, ॲसिडिटीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त पडतात. डायपर आणि अंडरपॅड गल्लीतल्या मेडिकलमधून सुटे घेऊ नका. गोळे कॉलनीत होलसेलवाल्यांकडे महिन्याची पेटी एकदम घ्या, आमचा खर्च चौथ्या हिश्श्याने उतरला होता.

एअर बेड, कमोड खुर्ची, फाउलर बेड (डोक्याची-पायांची बाजू वर-खाली होणारी कॉट) विकत घेऊ नका. अनामत ठेवून नाममात्र भाड्याने रुग्णसाहित्य देणारी मंडळं आणि ट्रस्ट आपल्याकडे आहेत, चार ठिकाणी चौकशी करा.

मात्र एक काम वाढवायला सांगेन. जखम आहे म्हणालात. दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, हे रात्री स्वतः उठून एकदा तरी बघा. आमच्याकडे आधीच्या मामांना झोप लागायची, आणि आईच्या माकडहाडाजवळ रुपयाएवढी लाल झालेली जागा पंधरा दिवसांत एवढी खोल गेली की आत कापसाचा बोळा जायचा. ती भरून यायला सात महिने लागले. आम्ही मग बेडच्या दांडीला वेळा लिहिलेला कागद बांधला. डावी कूस, पाठ, उजवी कूस, आणि समोर सही. त्यानंतर जखम झाली नाही.

---

केतकी

७० च्या पुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंत का? ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, आणि खासगी मेडिक्लेम असला तरी काढता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही आता राज्यातली सगळी कुटुंबं येतात.

पण हे सगळं ॲडमिट झाल्यावरच. आधीचे ३ दिवस आणि घरी आल्यावर १५ दिवसांची औषधं धरतात. सोळाव्या दिवसापासून तुम्ही आणि तुमची वही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी कितीतरी जणांना विचारलं की घरच्या आयाचे, मामांचे पैसे कुठल्या योजनेत बसतात का. बसत नाहीत. तरी कार्ड काढून ठेवाच. अशा पेशंटला ठसका लागून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही, आणि मग रात्री दोन वाजता कागदपत्रं शोधायची वेळ येते.

---

जुना कामगार

सातपूर, अंबडच्या कंपन्यांतून रिटायर झालेल्यांसाठी एक माहिती. निवृत्तीच्या वेळी किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये (कामगार राज्य विम्यात) असाल, तर निवृत्तीनंतरही महिना १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० एकदम भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार मिळतात. आमच्या लाइनीतल्या निम्म्या माणसांना हे माहीत नव्हतं. आमच्या मंडळींची शुगरची औषधं मी तिथूनच आणतो.

---

गोदाकाठ

काका, धन्यवाद. अण्णा २००९ ला निवृत्त झाले तेव्हा पगार मर्यादेच्या वर गेल्याने ते ईएसआयमधून आधीच बाहेर पडले होते. पण कंपनीतल्या दोघा-तिघांना आज सांगितलं, त्यांच्या वडिलांचं होईल.

मखमलाबादकर, काल रात्री उठून बघितलं. मामा जागे होते. कागद मात्र आजच बांधला.

---

हिशेबनीस

मी टॅक्सचं काम करतो, गंगापूर रोडला बसतो. लोक या वजावटी सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या रिटर्नपुरतं धरा, आणि या वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात.

आयकर कायद्याचं कलम ८०डीडी: आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५ हजार, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार. रक्कम ठरलेली आहे, खर्च त्याहून कमी असला तरी तेवढीच मिळते. शुश्रूषेचा खर्च यात धरतात. ८०डीडीबी: ठरावीक आजारांच्या उपचारावर प्रत्यक्ष झालेला खर्च, पेशंट ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत, विम्याचे मिळालेले पैसे वजा करून. या यादीत अर्धांगवायू हा शब्द सापडत नाही म्हणून माणसं परत जातात. पण मेंदूविकारांत पार्किन्सन, डिमेन्शिया यांच्याबरोबर 'अफेजिया' आहे. अफेजिया म्हणजे अण्णांचं झालंय तेच, वाचा जाणं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा वर प्रमाणित हवं आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी हवी. म्हणून पहिलं काम यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं: अर्ज ऑनलाइन, तपासणी जिल्हा रुग्णालयात.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. वर्षाला साडेपाच लाख पगार म्हणजे नव्या प्रणालीत तुम्हाला तसाही कर शून्य आहे. या वजावटी तुमच्या उपयोगाच्या नाहीत, तुमच्या भावाच्या आहेत. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात आणि जुन्या प्रणालीत असेल तर दोन्ही पूर्ण मिळून सव्वादोन लाखांच्या वजावटीवर साधारण ७० हजार कर वाचतो. मात्र खर्च त्याच्या खात्यातून झालेला दिसला पाहिजे. तुम्हाला १० हजार पाठवण्याऐवजी ब्युरोचे, फिजिओचे आणि औषधांचे पैसे त्याने थेट द्यावेत, पावत्या त्याच्या नावाने घ्याव्यात. जुनी-नवी दोन्ही गणितं मांडून मगच ठरवा, गृहकर्ज वगैरे नसेल तर नवीच फायद्याची निघू शकते. वाचला तर तो पैसा अण्णांचाच आहे, हे त्याच्या मनात बसलं म्हणजे झालं.

---

ओझरकर

खर्चाइतकाच मोठा प्रश्न आहे तो आपल्याच पैशाला हात न लागण्याचा. आमचं झालं ते सांगतो, बँकेचं नाव घेत नाही.

वडील गेल्यावर त्यांचे सगळे पैसे आईच्या एकटीच्या नावावर एफडीत ठेवले, ९ लाख. तेव्हा ती ठणठणीत होती. चार वर्षांत स्मृतिभ्रंश एवढा वाढला की मला "तुम्ही कोणाकडे आलात?" विचारायची. माझ्याकडे तिचं कुलमुखत्यारपत्र होतं. ते घेऊन गेलो तर सांगितलं की देणाऱ्याचं मन शाबूत नसेल तर मुखत्यारपत्र संपतं. वकिलाने तेच सांगितलं, कायदाच तसा आहे. मग पालक नेमून घ्यायला कोर्ट. तेवढ्या काळात आईच्या औषधपाण्यासाठी मी १२ टक्क्यांनी पर्सनल लोन काढलं, आणि तिचेच ९ लाख समोर पडून होते.

अण्णांना समजतं म्हणालात. मग वेळ दवडू नका. सही करता येत नसेल तर बँकेत अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. ७० च्या वरच्यांसाठी घरी येऊन सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, लेखी अर्ज द्या. खातं आणि एफडी 'दोघांपैकी कोणीही' करून घ्या, नॉमिनी तपासा. अण्णांना विचारून करा, त्यांच्या डोळ्यांसमोर. मी आईला विचारायचं राहून गेलं.

---

निफाडची लेक

भावंडांच्या वाटणीबद्दल. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज होतो, वकील लागत नाही. मूळ कायद्यात महिना १० हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि मुलगी असली तरी तिच्यावरही ती जबाबदारी आहे. लग्न झालं म्हणून मी सुटले नाही, आणि सुटावं असंही मला वाटत नाही. पण दादा, पैसे पाठवणाऱ्या भावावर तुम्ही कोर्टाची पायरी चढू नका. ज्यांना घराबाहेर काढलंय त्यांच्यासाठी तो कायदा आहे.

त्यातलं कलम २३ मात्र गावाकडच्यांनी लक्षात ठेवावं. माझ्या वडिलांनी अडीच एकर बाग थोरल्याच्या नावे बक्षीसपत्राने केली, सांभाळेल या भरवशावर. भरवसा कागदावर लिहिला नाही. शेवटची दोन वर्षं ते माझ्याकडे होते आणि बागेचा पैसा तिकडे होता. 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे एक वाक्य बक्षीसपत्रात असतं आणि अट पाळली गेली नसती, तर ते रद्द करून मागता आलं असतं. कोणी आई-वडिलांची जमीन नावावर करून घेत असेल तर हे वाक्य घालायला स्वतःच सांगा.

---

सायली_इंदिरानगर

गोदाकाठ, तुमचं पान मी तीनदा वाचलं. रात्री मामा असतात. दिवसा अण्णांजवळ कोण असतं?

---

गोदाकाठ

दिवसा माझी मिसेस असते. द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात अकाउंट्स बघायची, २२ हजार पगार होता. अण्णा घरी आले तेव्हा सोडली. दिवसाचा माणूस ठेवला असता तर तिचा जवळजवळ सगळा पगार त्यातच गेला असता, म्हणून दोघांनी मिळून ठरवलं.

---

सायली_इंदिरानगर

म्हणजे वहीत ३८ हजार लिहिलेत, पण दिवसाच्या १२ तासांचा रकानाच नाही.

रागावू नका. मी सासूबाईंचं पाच वर्षं केलं. दीर दर महिन्याला पैसे पाठवायचे, नणंद फळं घेऊन यायची, आणि वर्षश्राद्धाला सगळ्यांनी मिळून खर्चाचा हिशेब केला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझं नाव त्या हिशेबात कुठेच नव्हतं. कोणी वाईट नव्हतं हो. माझ्या कामाला आकडा नव्हता, म्हणून ते कोणाला दिसलंच नाही. नंतर नोकरी शोधायला गेले तर "मधली पाच वर्षं काय केलंत?" हा पहिला प्रश्न. पीएफ बंद, पगारवाढी गेल्या, आणि उचलून-उचलून कंबरेची गादी सरकली ती कायमची.

तुमच्या भावाला १० हजार म्हणजे ३८ तला चौथा हिस्सा वाटत असेल. ब्युरोच्याच भावाने दिवसाचे १९,५०० लिहा. खर्च ५७,५०० होतो. मग त्याला ते पान दाखवा, न भांडता.

---

मखमलाबादकर

सायलीताई, अगदी खरं. आमच्याकडे हे सगळं माझ्या बहिणीने केलं, लग्न न करता. तिच्या नावाने आम्ही भावांनी काही टाकायला हवं होतं हे आई गेल्यानंतर सुचलं. आता दोघे मिळून तिचं पोस्टात दर महिन्याला भरतो. उशीर झाला हे मान्य आहे.

---

केतकी

फक्त एक. बायकोच्या कामाची किंमत मामांच्या रोजाइतकी धरली तर तिलाच वाईट वाटेल असं होऊ देऊ नका. आधी तिला विचारा. मला कोणी असा आकडा सांगितला असता तर मी रडले असते, बहुतेक बरं वाटूनच, पण विचारलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

---

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, तर काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

केतकीताईंचं ऐकून आधी हिला वही दाखवली. तिने रकाना बघितला आणि म्हणाली, "तारीख चुकलीय. मी राजीनामा पंधरा दिवस आधी दिला होता." तेवढंच. पेन घेऊन तारीख दुरुस्त केली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली की पगाराचं जाऊ दे, पण गेले चौदा महिने माहेरी एक रात्र राहिलेली नाही. हे मला माहीत होतं. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मी ते मोजलं नव्हतं. १४ महिने गुणिले २२ हजार, ३ लाख ८ हजार होतात. तो आकडाही मी त्या रात्री पहिल्यांदा केला.

रविवारी भाऊ आणि बहीण दोघांना बोलावलं. अण्णांच्या बेडशेजारीच बसलो, त्यांना ऐकू जाईल असं. वही मधे ठेवली. भाऊ पानं उलटत राहिला. तो आधी बोललाच नाही, मग म्हणाला, "वहिनी नोकरी करायची हे मी विसरूनच गेलो होतो." त्याचंही गृहकर्ज आहे, दोन मुलं आहेत, मला ते दिसत नव्हतं असं नाही. तो जुन्याच करप्रणालीत निघाला. आता मामांचे आणि फिजिओचे पैसे, २५,५००, तो थेट देणार. एवढं मी मागितलं नव्हतं. कर वाचेल तो धरून जमेल म्हणाला, जमलं नाही तर आधी सांगेन म्हणाला. मला ते जास्त आवडलं.

बहिणीचं ठरलं नाही. बागेचे पैसे वर्षाने येतात आणि यंदा पावसाने हाल केलेत, महिन्याचा आकडा ती देऊ शकत नाही. महिन्यातले चार दिवस येऊन राहते म्हणाली, तेवढ्यात वहिनी माहेरी जाईल. या महिन्यात आली. थंडीत मणी फुगवणीची कामं लागली की जमेल का, हे तिलाही सांगता येत नाही आणि मी आग्रह धरला नाही. थोडी कटुता राहिली आहे. तिला वाटतं आम्ही दोघा भावांनी आधीच बोलून ठेवलं होतं.

बँकेचे साहेब घरी आले. अण्णांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. साहेबांनी विचारलं, "मुलाचं नाव लावायचं ना?" अण्णांनी मान हलवली, आणि मग डावा हात उचलून हिच्याकडे केला. साहेबांना कळेना. मला कळलं. नॉमिनी म्हणून हिचं नाव घातलं.

यूडीआयडीचा अर्ज भरलाय, तपासणीची तारीख यायची आहे.

---

गोदाकाठ

याच आयडीवरून मी, त्यांची मिसेस, लिहिते आहे. सगळ्यांचं वाचलं. सायलीताई, तुम्ही विचारलंत तो प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता.

माझ्या जुन्या ऑफिसात शेठना फोन केला. दुपारी तीन तास, १ ते ४, जीएसटीचं काम बघायला या म्हणाले, ९ हजार देतील. मला जायचंय. अडचण अशी की ब्युरो १२ तासांखाली माणूस देत नाही, आणि मला दिवसभराचं नको, परवडणारही नाही.

सातपूर, अशोकनगर, श्रमिकनगर भागातली कोणी मावशी माहीत असेल तर कृपया कळवा. उचलायचं काम नाही, डायपर मी निघायच्या आधी बदलेन. फक्त दुपारचं भरवायचं आहे, आणि ते शांतपणे करणारी हवी. अण्णांना पाणी पातळ चालत नाही, ठसका लागतो. नाचणीची आंबील घट्टसर, बेड पूर्ण उभा करून, हनुवटी छातीकडे, छोट्या चमच्याने डाव्या गालात. एक घास गिळल्याचं गळ्यावर दिसलं की मगच दुसरा. वाटीभर संपायला चाळीस मिनिटं लागतात. त्यानंतर अर्धा तास झोपवायचं नाही. घाई केली की ते तोंड मिटून घेतात आणि मग संध्याकाळपर्यंत काही खात नाहीत. पहिले आठ दिवस मी सोबत थांबून शिकवेन, त्या दिवसांचेही पूर्ण पैसे देऊ.